रात्रीचा रेडिओ: डेव्हिड ब्रुडनॉय

लिबर्टेरियन टॉक शो होस्ट म्हटलं की माइकवर आरडाओरडा करणारा माणूस डोळ्यासमोर येतो. बॉस्टनचा डेव्हिड ब्रुडनॉय तसा नव्हता. १९८६ पासून तो डब्ल्यूबीझेडवर होता. ५० हजार वॉटचं एएम स्टेशन. मीडियम वेव्ह रात्री लांब जाते, लहानपणी आकाशवाणी लावताना भलतंच स्टेशन लागायचं ना, तसंच. त्यामुळे बॉस्टनचा शो पार दुसऱ्या राज्यांत ऐकू यायचा.

त्याचं म्हणणं सोपं होतं. सरकारने आपल्या खिशात हात घालू नये आणि बेडरूममध्येही डोकावू नये. न पटणारा कॉलर आला तरी त्याला बोलू द्यायचा. १९९० मध्ये स्टेशनने त्याला काढून टॉम स्नायडरचा शो लावला, तर श्रोत्यांनी इतका गोंधळ घातला की त्याला परत आणावं लागलं.

मग १९९४. एड्सने तो मरता मरता वाचला. एचआयव्ही असल्याचं त्याने कित्येक वर्षं श्रोत्यांपासून लपवलं होतं. खासगी ते खासगी, हे त्याचं तत्त्व, की नुसती भीती? मला वाटतं, दोन्ही. त्या काळात नोकरी जायची हो अशाने! शेवटी त्याने सगळं उघड सांगितलं. आपण गे आहोत, हेसुद्धा. जानेवारी १९९५ मध्ये तो परत ऑन एअर आला, तेही स्वतःच्या घरातून. ऐकणाऱ्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी कमी नव्हती, पण फोन येतच राहिले.

डिसेंबर २००४ मध्ये कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्याने आपल्याच स्टेशनला मुलाखत दिली, श्रोत्यांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी गेला. ६४ वर्षांचा होता.