शेजारच्या खाटेवरचा तरुण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मला ‘विद्यार्थी आणि आरोग्य’ असा ऐसपैस विषय देण्यात आला आहे. तो आखूड करून मी फक्त सर्पदंशाविषयी बोलणार आहे. आपण कोकणातली माणसे. फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार हे चौघेही आपले शेजारी आहेत.

२०१९ च्या जुलैत, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, परसातल्या गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना मला बोटाला फुरसे चावले. कोणी म्हणाले, दोरी आवळून बांधा. कोणी म्हणाले, ब्लेडने कापून रक्त काढा. माझ्या भाच्याने कोणाचेही ऐकले नाही. बोटातली अंगठी काढली, हात फळीला सैल बांधला आणि पाऊण तासात मला तालुक्याच्या रुग्णालयात नेले.

तिथे डॉक्टरांनी माझे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन नळी वीस मिनिटे उभी ठेवली. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठते. माझे पाण्यासारखे ओघळले. फुरशाचे विष रक्त गोठण्याची शक्तीच संपवते. हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. सलाइनमधून प्रतिविषाच्या दहा बाटल्या दिल्या. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, पुन्हा औषध. पहाटे रक्त गोठले, तेव्हा मला झोप लागली.

सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या खाटेवर एका तरुणाला आणून ठेवले. चिरेखाणीवरचा मजूर, वीस-बावीस वर्षांचा. रात्री झोपडीत जमिनीवर निजला होता. पहाटे पोटात दुखू लागले, उलटी झाली. उजाडल्यावर पापण्या उघडेनात, बोलणे जड झाले. अंगावर ना सूज, ना व्रण. मुकादम डॉक्टरांना सांगत होता, “रात्री जास्त झाली असेल, म्हणून झोपू दिला.” डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, “मण्यार आहे. आणि हळू बोला, त्याला सगळं ऐकू येतंय.”

मित्रांनो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मण्यारीचे दात इतके बारीक की निजलेल्या माणसाला पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. तिचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. शुद्ध मात्र बराच वेळ शाबूत असते. प्रतिविष रक्तातले विष बांधून ठेवते, पण तंतूंना एकदा झालेली इजा ते भरून काढू शकत नाही. त्यानंतर आधार फक्त श्वास देणाऱ्या यंत्राचा. त्या रुग्णालयात ते यंत्र नव्हते. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि एक परिचारिका रबरी फुगा दाबत राहिली. ती दमली की वॉर्डबॉय. जिल्ह्याला नेण्यासाठी १०८ ची गाडी बोलावली होती.

त्याची आई पायाशी बसून कानडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिथली आया विजापूरकडची. मी तिला विचारले. ती म्हणाली, “ती सांगतेय, माझा मुलगा दारू पीत नाही.” ते शब्द ऐकून त्याच्या पायाचा अंगठा हलला. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. गाडी दारात लागली तेव्हा हृदय थांबलेले होते.

मी घरी आलो. भेटायला आलेले म्हणत, “मास्तर, तुमची हयात बाकी होती.” प्रेमाने म्हणत, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. मग त्या पोराची बाकी नव्हती, असा हिशेब आपण मांडायचा काय? अल्लाहचा हिशेब अल्लाहला ठाऊक. मला दिसला तो घड्याळाचा. मी पाऊण तासात पोहोचलो, तो पाच-सहा तासांनी. आणि त्या तासांत त्याला झिंगलेला समजून पडू दिले होते. माझ्यासारख्या शिक्षकाबद्दल कोणी तसे समजले नसते, हेही सांगून टाकतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, गरिबांची. माणसाच्या उपायाने आकडे बदलतात, हे आपण कोकणात पाहिलेले आहे. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले पटापट दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि ते मृत्यू अगदी थोड्यावर आले.

तेव्हा जमिनीवर निजणाऱ्या मुलांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच. साप मारून दाखवायला आणू नये, वेळ जातो. या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे. पहाटे कोणाच्या पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर दुसरे काही समजण्याआधी मण्यार समजा.

चिटणीससाहेबांना एक विनंती आहे. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे, श्वासाचे यंत्र कुठे आहे, हे दरवर्षी जूनपूर्वी विचारून फलकावर लिहावे. तो फलक कार्यालयाबाहेर न लावता वसतिगृहाच्या जिन्यापाशी लावावा. कार्यालयाच्या पडवीला रात्री कुलूप असते.