धरणीवरची टिचकी



मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारतो आणि ते धड आहे की चिरलेले, हे आवाजावरून ओळखतो. खनिज तेलाचा शोधही असाच चालतो. गाळाचे खडक थरावर थर रचत बनलेले असतात. जमिनीवर सुरुंग उडवून, समुद्रात दाबलेली हवा एकदम सोडून आपण लहरी खाली धाडतो. थर बदलला की लहरीचा काही भाग माघारी फिरतो. पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, खडकात बहुधा अधिक. जाण्यायेण्याचा वेळ मोजला की खोली निघते. अशा असंख्य नोंदींतून थरांचे चित्र उभे राहते.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली, अशाच पाहणीत थरांचा मोठा उंचवटा आढळला. तोच बॉम्बे हाय. पण प्रतिध्वनी भांड्याचा आकार सांगतो. आत तेल आहे की पाणी, याची हमी देत नाही. ती हमी १९७४ साली ‘सागर सम्राट’ने विहीर खोदली तेव्हाच मिळाली. कोरडी विहीर निघाली असती तर सारा खर्च पाण्यात जाता. अनुमानावाचून खोदणे हा जुगार, आणि खोदल्यावाचून अनुमानालाच सत्य मानणे हा भ्रम, असे आम्हांस वाटते.