गाडीतला पिवळा दिवा, लाल दिवा

मागच्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीसाठी आम्ही भाड्याच्या गाडीने दिग्रसहून दारव्ह्याला निघालो, तर दोन पिवळे दिवे लागले. एक एबीएसचा, दुसरा घसरत्या गाडीच्या चित्राचा. गाडीवाले भाऊ म्हणाले, "ब्रेक लागतात ना? चला." लागत होते, हे खरं. पण तो दिवा लागलेला असताना ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. हळूहळूच गेलो.

गॅरेजवाल्याने एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. आम्ही म्हटलं, आधी स्कॅनर लावा. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड निघाला. काळ्या मातीचा चिखल खरवडला, तर आत वायर तुटलेली! दोन्ही यंत्रणा त्याच सेन्सरवर चालतात, म्हणून दिवेही दोन.

घसरत्या गाडीचा दिवा चिखलात नुसता लुकलुकला तर घाबरू नका, यंत्रणा काम करतेय.

लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक सोडलाय का बघा. सोडला असेल, तर गाडी थांबवून ब्रेक ऑइल तपासा. ते खालच्या रेघेखाली गेलं असेल, तर गळती आहे किंवा ब्रेक पॅड झिजलेत. नुसतं ऑइल ओतून निघू नका. लाल-पिवळा एकदम लागले, तर मेकॅनिकला तिथेच बोलवा.

आता गाडी ठरवताना आम्ही आधी किल्ली फिरवायला लावतो. एबीएसचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणी तो मुद्दाम बंद केलाय का, हे विचारतो.