पहिला क्रमांक आणि शेवटचा

शाळामास्तराचा जन्म मुलांचे क्रमांक लावण्यांत जातो. म्हणून क्रमवारी दिसली, कीं तिचें कारण शोधावेंसें वाटतें.

बी. बी. सी. ची 'डॉक्टर हू' ही वैज्ञानिक कथामाला दूरचित्रवाणीवर १९६३ सालीं सुरू झाली. तिला वाहिलेल्या 'डॉक्टर हू मॅगझिन'नें २००९ सालीं वाचकांकडून २०० कथांचा क्रम लावून घेतला. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी'. अगदीं शेवटची 'द ट्विन डायलेमा'. मौज अशी, कीं मार्च १९८४ मध्यें या दोन्ही कथा लागोपाठ दाखविल्या गेल्या. निर्माताही एकच!

मग अंतर कशाचें? पहिल्या कथेंत विषबाधा झालेला नायक एकालाच पुरेल एवढा उतारा सोबतीण पेरीला पाजतो आणि स्वतः कोसळतो. पुढच्या कथेंत नवें रूप घेतलेला तोच नायक भ्रमाच्या भरांत तिचाच गळा आवळतो. अँड्रोझानीच्या गुहेंतला राक्षस उघड उघड नकली दिसतो. तें रसिकांनीं पोटांत घातलें. तुटलेला विश्वास मात्र त्यांना पोटांत घालवला नाहीं.

२०१४ च्या कौलांत पहिली कथा चवथ्या स्थानीं उतरली. शेवटची शेवटचीच राहिली. टीकाकार रचना तोलतो, रसिक नातें तोलतो. कौतुक काळाबरोबर सरकतें. दुखावलेलें मन तसें सरकत नाहीं.