धारवाडच्या जंगलातले सुगियामा



चिंपांझी आणि माकडांचा अभ्यास म्हटला की जेन गुडाल यांचे नाव निघते. १९६० साली त्या आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात गेल्या. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारी, धारवाडला, असेच मोठे काम सुरू झाले. ते आपल्याला फारसे ठाऊक नाही, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

१९६१ साली जपानच्या क्योटो विद्यापीठातले युकिमारू सुगियामा हे तरुण संशोधक धारवाडला आले. आपल्या ओळखीच्या काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरांमागे ते सुमारे दोन वर्षे जंगलात फिरले. कळपातले एकेक वानर ते चेहऱ्यावरून ओळखत. आपण नुसते ‘वानर आले’ म्हणतो. त्यांना कोण आले ते कळे.

तिथल्या बऱ्याच कळपांत एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्ले असत. उरलेले नर वेगळी टोळी करून हिंडत. १९६२ साली अशा टोळीने एका कळपावर हल्ला करून जुन्या नराला हुसकावले. त्यांतला एक नर मालक झाला, आणि त्यानंतर कळपातली अंगावर पिणारी पिल्ले चाव्यांनी मारली गेली.

हे ऐकायला कठीण आहे. त्या वेळी अभ्यासकांनाही ते सहज पटले नाही. काहींनी त्याला विकृती म्हटले. सुगियामांनी मात्र पाहिले तेच लिहिले. पुढे जोधपूर आणि अबूच्या पहाडावरही अशा घटना आढळल्या. सारा हर्डी या अमेरिकन विदुषींनी १९७०च्या दशकात कारण मांडले : पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा गाभण राहू शकते आणि नव्या नराचा वंश वाढतो. जगभर गाजलेल्या या चर्चेची सुरुवात आपल्या धारवाडला झाली.

आपण शनिवारी मारुतीला तेल वाहतो, देवळापाशी वानरांना बिस्किटे टाकतो आणि तीच वानरे शेतात शिरली की दगड उचलतो. वानर देव नाही आणि वैरीही नाही. ते पाला, फळे खाणारे रानातले जनावर आहे. गाईगुरांसारखा त्याच्या पोटातही कप्प्यांत पाला आंबून पचतो. बिस्किटे आणि फरसाण त्याला सोसत नाही, शिवाय माणसाची भीती जाते. मग ते घरात शिरते, कधी चावते आणि शेवटी मार खाते. म्हणजे आपल्याच पुण्याने आपण त्याला संकटात टाकतो.

गुडालबाईंनी १९९१ साली मुलांना हाताशी धरून निसर्गरक्षणाची चळवळ उभी केली. आपणही घरातल्या मुलांपासून सुरुवात करू. त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा देण्यापेक्षा वही देऊ. कळपात नर किती, पिल्ले किती, काय खातात, हे लांबून पाहून लिहू दे. मारुतीरायालाही ही सेवा आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!