बी साइडच्या शेवटी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या पोटमाळ्यावर, नाहीतर दिवाणाखालच्या ट्रंकेत एखादी तरी कॅसेट निघेलच. टाकवत नाही आणि वाजवायला टेप नाही, अशी तिची अवस्था. मी त्या कॅसेटच्या जमान्यात तरुण झालो. गाव मिरज, साल १९९०.

'मैंने प्यार किया' १९८९च्या अगदी शेवटच्या आठवड्यात प्रदर्शित झाला आणि पुढचं सगळं वर्ष आम्हाला पुरला. त्याचे संगीतकार राम-लक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या सिनेमांना संगीत देणारे. ही माहिती आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये अशा थाटात सांगायचो, की जणू ते आमचे सख्खे काका. त्याच वर्षी 'आशिकी' आला. मग चहाच्या गाड्यापासून वडापच्या जीपपर्यंत दुसरं काही ऐकूच येईना. आमच्या गल्लीत सतारीसाठी पंढरपूरकडचे भोपळे वाळत पडलेले असायचे. दिवसभर तारा जुळवणारे कारागीरसुद्धा संध्याकाळी कुमार सानूच लावायचे. शास्त्रीय संगीताच्या गावाची ही गोष्ट बाहेर सांगू नये खरं तर.

तयार कॅसेट तेव्हा स्वस्त झाली होती, पण खरी चैन म्हणजे कॅसेट भरून घेणं. कोरी साठ मिनिटांची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची आणि दुकानात नेऊन द्यायची. एका बाजूला तीस मिनिटं. नवी गाणी सहा-सहा मिनिटांची, म्हणजे पाचच बसायची. जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारी, ती आठ-नऊ मावायची. त्यामुळे खिशात पैसे कमी असले की आम्ही तलत आणि रफीचे भक्त व्हायचो. दुकानदार "आठ दिवसांनी या" म्हणायचा आणि पंधराव्या दिवशी द्यायचा. तोवर यादीतलं एखादं गाणं बदलावंसं वाटायचं, कारण ज्या व्यक्तीसाठी कॅसेट भरायची ती मधल्या काळात आपल्याकडे बघून हसलेली असायची.

अशी एक व्यक्ती माझ्या वर्गात होती. ती कोण, मी कोण, हे आम्हा दोघांनाही नीट ठाऊक होतं. त्यामुळे बोलणं नोट्स आणि पुस्तकांपलीकडे गेलं नाही. बीएच्या शेवटच्या वर्षी, १९९१च्या सुरुवातीला, मी तिच्यासाठी एक कॅसेट भरली. बी साइडच्या शेवटी चारेक मिनिटं कोरी राहिली. दुकानदार गाणी पुसू नयेत म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडून द्यायचा. त्या खाचांवर मी चिकटपट्टी लावली, मामांनी सौदीहून आणलेला टेप मधल्या खोलीत घेतला, दार ओढलं आणि प्ले व रेकॉर्ड ही दोन बटणं एकदम दाबली. स्वतःची मराठी कविता स्वतःच्या आवाजात म्हटली. कविता संपत आली तोच अम्मीने स्वयंपाकघरातून हाक मारली. नळाला पाणी आलं होतं. मी घाईघाईने बटण दाबलं. पुन्हा रेकॉर्ड करायला धीर नव्हता आणि ऐकून बघायला त्याहून नव्हता. दुसऱ्या दिवशी कॅसेट देऊन टाकली.

तिने "गाणी छान आहेत" एवढंच सांगितलं. कवितेबद्दल एक अक्षर नाही. परीक्षा झाली, तिचं लग्न झालं, ती गेली. १९९७मध्ये माझंही झालं.

अम्मी २००४ साली गेली. चाळिसावा झाला आणि एका रात्री लक्षात आलं, की तिचे फोटो तीन आहेत आणि आवाज कुठेच नाही. मोबाईलवर माणसाचा आवाज धरून ठेवण्याचे दिवस आमच्या घरी अजून यायचे होते. लग्नाची कॅसेट काढली होती, तिच्यात बँड आहे. मग ती हाक आठवली. पण एका परक्या घरातल्या बाईला पत्र लिहून काय मागायचं? तेरा वर्षांपूर्वीची प्रेमकविता परत दे?

तिची गाठ पडली थेट २०१९मध्ये, आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला. मी धीर करून विचारलं.

"कविता? कसली कविता?" ती म्हणाली. "अरे, शेवटचं गाणं संपलं की मी कॅसेट काढायचे."

अठ्ठावीस वर्षं मी तिच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत होतो. त्यावर माझ्या दोन कविता छापूनही आल्या आहेत! मी अम्मीचं सांगितलं तेव्हा मात्र तिचं हसणं थांबलं. महिनाभराने तिचा भाचा एक पाकीट घेऊन दारात उभा. कॅसेट तिच्या माहेरी कपाटात होती.

फितीवर पांढरी बुरशी धरली होती. ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकने स्क्रू काढून ती दुसऱ्या डबीत घातली, पेन्सिलीने हळूहळू फिरवत पुसून घेतली आणि स्वतःचा जुना टेपही दोन दिवसांसाठी दिला. घरी मी बायकोला आधी सगळी हकीकत सांगितली. लपवून ऐकण्याचं वय गेलं होतं.

गाणी संपली. खरखर. मग एकवीस वर्षांच्या पोराचा बारीक आवाज, त्यात चंद्र, मोगरा आणि दोनदा एकांत. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो, कविता खरंच वाईट होती. आणि एकदम लांबून, भांड्यांच्या आवाजातून:

"अरे, नल आया! उठ की!"

मग माझं "आया, आया", खुर्ची सरकल्याचा आवाज आणि खटका.

बायकोने सात वर्षं सासूच्या हाताखाली काढली होती. त्यांचं फार गोड होतं असं नाही. ती बराच वेळ टेपकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फिर से लगाओ."

मुलाने नंतर तेवढे चार सेकंद कापून मोबाईलमध्ये घेतले. कविता घेतली नाही. बायकोने त्या हाकेचा सकाळचा गजर लावला आहे. आमच्या गल्लीत नळाला पाणी अजून सहालाच येतं.