मागचा धागा



स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटे आहेत. त्यांतल्या फेअर आयल या चिमुकल्या बेटाच्या नावाने रंगीत नक्षीचे स्वेटर जगभर ओळखले जातात. तेथील बायका लोकर घरीच कातीत. निळीत आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या काढ्यात रंगवीत. स्वेटरात रंग पुष्कळ, पण एका ओळीत दोनच! हिशेबही चोख हवा. नक्षी 24 टाक्यांची असेल, तर घेराला 240 टाके घ्यावेत. म्हणजे ती बरोबर दहादा बसते. जो रंग पुढे दिसायचा नसतो, त्याचा धागा मागून जातो. वस्त्र दुहेरी होते, आणि ऊब येते ती त्यामुळेच.

1922 च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर घातला आणि त्याची टूम निघाली. पण त्याआधी, 1872 साली, शेटलंडमध्ये एक सरकारी चौकशी झाली होती. विणणाऱ्या बायकांना व्यापारी रोख पैसे देत नसत; चहा नाही तर कापड हाती ठेवीत, असे तीत उघड झाले. युवराजाचे नाव राहिले. या बायकांची नावे कोणाला ठाऊक?

आपल्या घरीही आई-आजी विणतात. आपण नक्षी वाखाणतो. आज घरी गेल्यावर स्वेटर एकदा उलटा करून पाहा.